जानेवारीच्या स्टॉलसाठी छोटी सक्युलंट: तारखा मागून मोजा

पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या सुमाराला भरतं आणि त्याच्या आगेमागे सोसायट्यांमधले छोटे बाजारही लागतात. दोन-अडीच इंची कुंड्यांतली सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी रोपं, विकायला हा मोसम उत्तम. थंडीने रंग चढलेला असतो, हवा कोरडी असते, कूज कमी. पण यादी मागून करायची, आणि तिच्यातली पहिली नोंद २५ डिसेंबर. विक्रीच्या कुंडीत रोप बसवायचा हा शेवटचा दिवस. त्यानंतर बसवलेलं रोप कितीही देखणं असो, या स्टॉलवर जात नाही.

कारण साधं आहे. मुळं नसलेली एकेव्हेरिया महिनाभर तितकीच टवटवीत दिसते, पानांत साठवलेल्या पाण्यावर ती जगत असते. म्हणजे डोळ्यांनी काही कळत नाही, तारखेनेच कळतं. गिऱ्हाईक घरी नेऊन कौतुकाने पाणी घालतं, खोडाची खालची चीर, म्हणजे छाटलेली बाजू, कुजते, आठवड्यात पानं पारदर्शक होऊन गळतात. थंडीत मुळं आणखी सावकाश सुटतात, म्हणून दोन आठवडे पुरत नाहीत, चार धरा.

जाती निवडताना गिऱ्हाइकाच्या खिडकीचा विचार करा. हॉवर्थिया, गॅस्टेरिया खिडकीतल्या उजेडावर भागवतात. एकेव्हेरिया, ग्राप्टोपेटलम, सेडम यांना रोज तीन-चार तास ऊन हवं, नाहीतर खोड लांबतं आणि पानं विरळ होतात. मुंबई-कोकणात विकायचं असेल तर एकेव्हेरिया कमी, हॉवर्थिया आणि जेड जास्त. लिथॉप्स (खड्यासारखं दिसणारं सक्युलंट) अजिबात नको, ‘कमी देखभालीचं’ म्हणून विकायचं ते झाड नव्हे. जेडच्या नावाखाली दोन वेगळी झाडं खपतात, क्रॅसुला ओव्हाटा आणि पोर्टुलाकारिया आफ्रा. पाटीवर नीट लिहा. क्रॅसुला आणि कलांचो कुत्र्या-मांजरांना विषारी आहेत, पोर्टुलाकारिया नाही, आणि हे विचारणारे हमखास येतात.

ऑक्टोबरात पानं मातीवर ठेवली तर जानेवारीपर्यंत रोप नखाएवढं होतं. तो माल पुढच्या वर्षाचा. या जानेवारीसाठी नोव्हेंबरात शेंडे छाटा आणि हॉवर्थियाच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं सोडवा. छाट सावलीत तीन ते पाच दिवस सुकवा, जाड खोडाची आठवडाभर. चीर ओली असताना लावणं म्हणजे कुजवणं. मातृरोपांचा, म्हणजे ज्यांचे शेंडे-पिल्लं घेतली त्यांचा, ट्रे वेगळा ठेवा, त्यातलं एकही विकू नका. शंभर विकायची असतील तर सव्वाशे बसवा.

मिश्रणात दोन भाग खडखडीत माल घ्या: चाळून बारीक पूड काढलेले २ ते ५ मिमीचे विटांचे तुकडे, प्युमिस किंवा पर्लाइट (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे). एक भाग कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीट दोन-तीनदा धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं. विटांची पूड चाळायचा कंटाळा केलात तर ती तळाशी बसून भोक बंद करते आणि मग मिश्रण कितीही चांगलं असून उपयोग नाही. अडीच इंची कुंडीत साधारण १२५ मिली मिश्रण मावतं. शंभर कुंड्यांना सांडलवंड धरून १५ लिटर करा. खत नगण्य. जास्त नत्राने रोप फोफावतं, रंग उडतो.

कुंडीला भोक हवंच. सिरॅमिकच्या कपाला ८ मिमीच्या डायमंड बिटने, पाणी सोडत, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून, हलक्या हाताने पाडा. जोर लावलात की कप गेला.

आता पुन्हा तारीख. बसवल्याची तारीख प्रत्येक कुंडीवर हवी, ट्रेवर नव्हे. ट्रेमधली रिकामी जागा भरायला कुंड्या इकडच्या तिकडे होतातच आणि मग जुनी-नवी कळत नाहीत. प्लास्टिकच्या पट्टीवर पेन्सिलने लिहा, मार्करची शाई उन्हात उडते. एवढं जमत नसेल तर कुंडीच्या कडेला ऑइल पेंटचा ठिपका द्या, दर आठवड्याचा रंग वेगळा. शंका आली तर बुंधा दोन बोटांत धरून रोप अलगद वर घ्या. कुंडी सोबत उचलली गेली तर मुळं धरली आहेत. रोप सुटून हातात आलं तर परत रोवा आणि नवी तारीख टाका. जुनी पुसून नवी, हे महत्त्वाचं. वरचे पांढरे खडे या परीक्षेनंतरच पसरा. खड्यांनी डुगडुगणारं रोप ताठ उभं राहतं आणि आपलीच फसगत होते. खडे गोंदाने चिकटवायची पद्धत तर बंदच करा, माती सुकली की नाही ते कुणाला दिसत नाही.

उन्हासाठी ५० टक्क्यांची शेडनेट. पाणी मातीत द्या, पानांवर नको. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग राहतात. एकेव्हेरियाच्या पानावरची पांढरी भुकटी बोटाने पुसली गेली की त्या पानावर परत येत नाही, तेव्हा रोप कुंडीला धरूनच उचला.

पिठ्या ढेकूण (रस शोषणारी पांढरी कीड) पानांच्या बेचक्यात आणि मुळांवरही शोधा. वर दिसला तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस, संध्याकाळी. मुळांवर कापसासारखं पांढरं दिसलं तर माती फेका, मुळं धुवा, सुकवा, पुन्हा लावा, म्हणजे परत चार आठवडे. नीम तेल विक्रीच्या मालावर नको, भुकटी जाते आणि उन्हात पान भाजतं.

विक्रीआधी सहा-सात दिवस पाणी बंद. पाण्याने तट्ट फुगलेली पानं वाटेत काडकन तुटतात, ओल्या कुंड्या जडही होतात. क्रेटमध्ये कुंड्या घट्ट लावा, फटीत रद्दी. सेडम वरच्या थरात.

आदल्या रात्री ट्रे भरताना तारखा किंवा ठिपके बघा. २५ डिसेंबरनंतरची तारीख किंवा रंग दिसला तर बाजूला. स्टॉल रिकामा दिसतोय म्हणून नवी रोपं घुसडायची नाहीत.

स्टॉलवर क्यूआर, सुटे पैसे, कागदी पिशव्या, नावांच्या पाट्या, डोक्यावर सावली. प्रत्येक रोपासोबत मराठीत चिठ्ठी: माती पूर्ण सुकल्यावरच पाणी, थंडीत दहा-पंधरा दिवसांनी. ऊन किती हवं. बंद काचेच्या बरणीत लावू नये. उरलेली रोपं घरी आणल्यावर दोन आठवडे वेगळी ठेवा, शेजारच्या स्टॉलवरचा ढेकूण सोबत आलेला असू शकतो.