सहभाग मोजायला गावात जाताना

समाजकार्य किंवा ऑक्युपेशनल थेरपी शिकून दिव्यांगांच्या सर्वेक्षणात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के दिव्यांगत्व सवलतींसाठी लागतं, पण माणूस गावात किती मिसळतो हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आम्ही पार्टिसिपेशन स्केल वापरतो. मुळात कुष्ठरोगाच्या कामातून आलेली, नेपाळ, भारत आणि ब्राझीलमध्ये तपासून घेतलेली ही १८ प्रश्नांची प्रश्नावली.

प्रश्न सगळे तुलनेचे. तुमच्या बरोबरीच्यांइतकी कामाची संधी मिळते का? त्यांच्यासारखे कार्यक्रमांना जाता का? म्हणून 'बरोबरीचे' कोण, हे आधी पक्कं करा. वय, परिस्थिती, राहणीमान सारखं, फक्त दिव्यांगत्व नसलेलं माणूस. पुष्कळजण आपल्यासारखंच व्यंग असलेल्या कुणाचं तरी नाव घेतात. ते तसंच चालवून घेतलंत तर सगळं काही ठीक असल्याचं दिसतं आणि पुढचा सगळा फॉर्म वाया जातो.

उत्तर 'नाही' किंवा 'कधीकधी' आलं की लगेच विचारायचं, याचा तुम्हाला किती त्रास वाटतो? अजिबात नाही म्हटलं तर १, थोडा २, मध्यम ३, खूप ५. एकूण गुण ९० पर्यंत जातात. १२ पर्यंत असतील तर लक्षणीय अडथळा नाही असं धरतात. माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती याच उपप्रश्नात असते. घाईत नेमका तोच गाळला जातो.

घरच्यांना उत्तरं देऊ देऊ नका. मराठवाड्यातल्या एका घरी पोलिओ झालेल्या ताईंना सणासमारंभाचं विचारलं, तर जाऊबाईच म्हणाल्या, "तिला नाही आवडत हळदीकुंकवाला जायला." त्या चहा ठेवायला आत गेल्यावर ताई हळूच म्हणाल्या, "आवडायला आधी बोलावणं यायला नको का?" त्रास किती? "खूप." पाच गुण. बौद्धिक अक्षमतेमुळे घरच्यांची मदत घ्यावीच लागली, तर उत्तर कुणाचं ते फॉर्मवर वेगळं लिहा.

अहवालात नुसती सरासरी देऊ नका, प्रश्नवार मांडा. ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्चावा लागतो. ग्रामसभेला किती जण येऊ शकत नाहीत आणि कशामुळे, हे ग्रामसेवकांच्या हातात दिलंत, तर त्या पैशातून सभागृहाला रॅम्प मागता येतो.