कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हातात आला, आता काय करायचं?

आमच्या अण्णांनी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली होती, हे आम्हाला सहा महिन्यांनी कळलं. रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग गोळी कशाला, असा त्यांचा हिशेब. पुढच्या तपासणीत एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 92 वरून 168 वर गेलेलं! त्या सहा महिन्यांत त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. ना थकवा, ना चक्कर. कोलेस्टेरॉल बहुतेक वेळा दुखत नाही. म्हणून तब्येतीवरून अंदाज बांधू नका, रिपोर्ट वाचायला शिका.

आधी आकडे बघा

नुसतं ‘टोटल’ बघून थांबू नका. एलडीएल रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात साठतं. निरोगी माणसात ते 100 च्या आत उत्तम, 160 च्या वर जास्त. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांत 40 च्या आणि बायकांत 50 च्या खाली नको. ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, 150 च्या आत हवेत. तपासणीला दरवेळी उपाशीच जायला हवं असं नाही, पण ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील तर 10 ते 12 तास पोटात पाण्याशिवाय काही नको.

तुमचं लक्ष्य डॉक्टरांकडून ठरवून घ्या

शेजारच्या काकूंचं 120 चाललं म्हणून तुमचंही चालेल असं नाही. ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्यांचं एलडीएल 70 च्या, कधी 55 च्याही खाली आणायला सांगतात. शुगर, बीपी, तंबाखू, घरात कुणाला कमी वयात झटका आलेला, हे सगळं न लपवता सांगा. तंबाखूचं तर आवर्जून सांगा, कारण तंबाखूची मिश्री दातांना लावणं हे आपल्याकडे व्यसनात धरतच नाहीत. थायरॉइड कमी काम करत असेल तरी एलडीएल वाढतं, तेव्हा तीही तपासणी करून घ्या.

स्वयंपाकघरात

शेंगतेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असं छापलेलं असतं. खरंच आहे, पण ते कुठल्याच वनस्पतिजन्य तेलात नसतं. आपलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतः बनवतं. संपृक्त चरबी जास्त खाल्ली की रक्तातलं एलडीएल ओढून घ्यायची यकृताची ताकद कमी होते. संपृक्त चरबी म्हणजे लोणी, तूप, साय, मटणाची चरबी, पामतेल आणि हो, खोबरंही. पांढऱ्या रश्शात खोबऱ्याचं दूध आणि मटणाची चरबी दोन्ही एकत्र येतात. तो सणासुदीला घ्या, दर रविवारी वाटीवर वाटी नको.

शेंगतेल वाईट नाही, आपण ते ओततो किती हा प्रश्न आहे. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर धरा. चौघांच्या घरात दोन लिटर वेगळे काढून ठेवा आणि महिनाभर तेवढ्यातच भागवा. आमच्या घरी पहिल्या महिन्यात ते विसाव्या दिवशीच संपलं, तेव्हा कळलं आम्ही किती वापरत होतो. भजी तळलेलं तेल पुन्हा तापवू नका. चहाबरोबरची खारी आणि नानकटाई वनस्पती तुपावर उभी असते, ती आधी सोडा. भडंग चालेल, पण तेल बेताचं घालून घरी केलेलं.

कमी करण्याइतकंच वाढवणंही महत्त्वाचं आहे. मटकीची उसळ, मसूर, गवार, भेंडी, पेरू यांतला विरघळणारा तंतू (फायबर) आतड्यात पित्ताला, म्हणजे यकृताच्या पाचक रसाला, धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरतं. ट्रायग्लिसराइड्स वाढलेले असतील तर तेलाआधी साखर, गूळ आणि दारूकडे बघा.

चालणं

आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला. आमराईत किंवा कृष्णेच्या घाटावर, कुठंही. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढा वेग.

गोळी

पथ्याने एलडीएल काही प्रमाणात उतरतं, पण पुष्कळांना तेवढं पुरत नाही. त्यात तुमचा दोष नाही, यकृताची घडण वेगवेगळी असते. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, ती यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करते आणि तिचा परिणाम घेताय तोवरच टिकतो. नॉर्मल आकडा गोळीमुळे आलेला असतो. सुरू केल्यावर 4 ते 12 आठवड्यांनी पुन्हा तपासा. अंग, मांड्या दुखू लागल्या तर परस्पर बंद न करता डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा गोळी बदलता येते. लघवी गडद झाली किंवा दुखणं असह्य झालं तर त्याच दिवशी दाखवा. दिवस गेले असतील किंवा राहायची इच्छा असेल तर तेही आधीच सांगा.

काही स्टॅटिनच्या माहितीपत्रकात ‘ग्रेपफ्रूट’ टाळा असं असतं. ते वाचून आमच्या एका नातेवाइकांनी ऐन हंगामात द्राक्षं बंद केली, तीही द्राक्षांच्या तासगावात राहून! ग्रेपफ्रूट म्हणजे पपनसाच्या जातीचं मोठं आंबट-कडवट फळ. आपल्या द्राक्षांचा त्याच्याशी संबंध नाही. शुगर असेल तर मात्र द्राक्षं मोजून खा.

एलडीएल 190 च्या वर असेल तर ते घराण्यातून आलेलं असू शकतं. मग आपल्यापुरतं न थांबता भावंडांची आणि मुलांचीही एकदा तपासणी करून घ्या, मुलं शाळेत जाणारी असली तरी.