जुन्या लेखकांवर लिहिताय? मग या चुका टाळा

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत माझ्या टेबलावर गठ्ठे येऊन पडतात. कधी निबंधस्पर्धेचे, कधी एम. ए.च्या मुलांच्या प्रकल्पांचे, कधी एखाद्या निवृत्त गृहस्थांनी हौसेनं लिहिलेल्या रसग्रहणाचे. सांगलीत मराठी शिकवण्यात बत्तीस वर्षं गेली. मी निवृत्त झालो, पण गठ्ठे यायचे थांबले नाहीत. विषय बदलतात, चुका मात्र त्याच. एकच गोष्ट दरवर्षी लाल पेनानं लिहून हात दुखायला लागला, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

गावाचं नाव दिसलं की कविता तिथलीच

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून आधी हीच.

नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. संक्रांतीला औदुंबरला साहित्य संमेलन भरतं, तिकडं पंधरा-वीस पोरं घेऊन गेलो. दत्ताचं दर्शन झालं, तिळगूळ झाला, मग घाटाच्या पायऱ्यांवर सगळ्यांना बसवून मी बालकवींची 'औदुंबर' म्हणायला घेतली. समोर कृष्णा, पैलतीरावर भुवनेश्वरीचं देऊळ, डोक्यावर उंबराची सावली. रंगात येऊन मी ठोकून दिलं, "बघा पोरांनो, हीच ती जागा!" पोरांनी माना डोलावल्या. सर सांगतायत म्हटल्यावर डोलावणारच.

परतीच्या एसटीत अंकलखोपची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, कवितेत झरा आहे. आमच्याकडं तर नदी आहे की. आणि ती टेकडी कुठली म्हणायची? घाटावरून तर सगळी सपाट रानं दिसतात."

घरी येऊन कविता काढली. आठच ओळी. निळासावळा झरा, बेटं, टेकडीकडं चार घरांचं चिमुकलं गाव, शेतमळे, पांढरी पायवाट, काळा डोह आणि पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. कृष्णा नाही, घाट नाही, पादुका नाहीत. औदुंबर हे झाड आहे हो, मुक्कामपोस्ट नव्हे! बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, ते खानदेशातल्या धरणगावचे. (आता धरणगावात जाऊन झरा शोधू नका. तीच चूक होईल, फक्त भाडं जास्त पडेल.)

आपल्या गावाला एक कविता फुकटात मिळाली, तर त्यात बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडलं असं की घाटावरच्या त्या तासाभरात मी रंगांबद्दल एक शब्द बोललो नाही. कविता हिरवाळीत आणि निळ्यासावळ्यात सुरू होते, हिरव्यात पसरते, त्या हिरव्यातून एक पांढरी रेघ आडवीतिडवी जाते आणि काळ्या डोहापाशी थांबते. तिथं येतो 'गोड काळिमा'. काळोखाला गोड म्हणणारं हे विशेषण तिथं का बसलं, यावर एक अख्खा तास घेता आला असता. मी तो देवळाकडं बोट दाखवण्यात घालवला.

तेव्हापासूनची माझी सवय अशी. कविता हातानं वहीत उतरवायची, ओळींना आकडे घालायचे. आपण जे विधान करू, त्याच्यापुढं ओळीचा आकडा लिहायचा. आकडा सापडला नाही तर विधान खोडायचं. काही मुलांना हा पोरखेळ वाटतो. वाटू दे. ज्यांना वाटतो, त्यांच्याच निबंधात ओळ सापडत नाही.

गाव कधीच महत्त्वाचं नसतं, असं मात्र नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वाचताना माणदेशाचा दुष्काळ ठाऊक नसेल तर अर्धी कादंबरी हातातून निसटते. पण तिथं दुष्काळ पुस्तकातच आहे, आपण घरून नेलेला नाही.

'शारदा' नाटक आणि 'शारदा कायदा'

माझी लाडकी चूक. लाडकी म्हणजे, हिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळा भांडलोय.

गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे. संध्याकाळी फिरायला निघालेला सांगलीकर कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूरला जाऊन येतो. हळदीच्या पेवांचं ते गाव. तेव्हा देवलांवर निबंध लिहायचा म्हटलं की सगळ्यांची छाती फुगते, आणि फुगलेल्या छातीतून हे वाक्य हमखास बाहेर पडतं: "देवलांच्या 'संगीत शारदा' या नाटकाचा एवढा प्रभाव पडला की सरकारला १९२९ साली शारदा कायदा करावा लागला."

साफ चूक. तो बालविवाह प्रतिबंधक कायदा अजमेरच्या हरविलास सारडा यांनी मांडलेला. 'सारडा'चं मराठी तोंडात 'शारदा' झालं, एवढीच ही करामत. नाटक १८९९चं, देवल गेले १९१६ साली. कायदा होईपर्यंत त्यांना जाऊन तेरा वर्षं झाली होती.

एका स्पर्धेत मी परीक्षक होतो. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत. दहा-बारा निबंधांत हे वाक्य शब्दशः सारखं! मी गुण कापले. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील गाईड घेऊन घरी हजर. "सर, छापलंय की हो पुस्तकात." छापलेलं होतं खरं. मी त्यांना चहा दिला, सारडांचं नाव लिहून दिलं. ते म्हणाले, "ते असूं दे, पण मार्क तेवढे बघा." बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुणे उभे राहिले, हरिपूरचा गौरव करता करता तेच वाक्य बोलले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. मी व्यासपीठावर बसून पाणी प्यालो.

पण माझा राग फक्त नावाच्या घोटाळ्यावर नाही. या वाक्यामुळं नाटक वाचायचंच राहून जातं. कायद्यानं काय केलं? लग्नासाठी मुलीचं वय किमान १४ आणि मुलाचं १८ ठरवलं. नाटकात काय आहे? पाऊणशे वयाच्या श्रीमंत भुजंगनाथाला पैशासाठी पोटची मुलगी विकायला निघालेला कांचनभट. चौदा पूर्ण झालेल्या मुलीशी पंचाहत्तरीचा म्हातारा बोहल्यावर चढला असता, तर त्या कायद्याला त्याचं काहीच करता आलं नसतं. दुखणं वेगळं, औषध वेगळं.

आणि नाटकातलं ते लग्न मोडतं कशानं? भाषणानं नाही, सुधारणेच्या तत्त्वज्ञानानं नाही. वधू-वर सगोत्र निघतात म्हणून मोडतं. मुलीच्या आयुष्याची कुणाला पर्वा नाही, पण गोत्र म्हटल्यावर सगळे जागच्या जागी थिजतात. हा देवलांचा चिमटा आहे, असं माझं मत. ते तुम्हाला पटायलाच हवं असं नाही, पण वाद घालायचा तर तिथं घाला की!

'खांडेकर म्हणतात'

वि. स. खांडेकर जन्मानं सांगलीचे, म्हणून यांच्यावरचे निबंधही ढीगभर येतात. त्यांची 'ययाति' ही कादंबरी १९५९ची. तिच्यात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघं आळीपाळीनं आपापली बाजू सांगतात. मुलं यातलं एखादं चटकदार वाक्य उचलतात आणि पुढं लिहितात, "खांडेकर म्हणतात." अहो, ते देवयानी म्हणते, आणि तीही संतापात! त्याच प्रसंगावर दोन प्रकरणांनंतर शर्मिष्ठा वेगळं म्हणते. मग खांडेकर नेमके कुणाच्या बाजूचे?

मी समासात पेन्सिलीनं य, दे, श असं लिहीत जातो. स्वतःच्या प्रतीत. वाचनालयाच्या पुस्तकात लिहिणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथं छापण्यासारखं नाही.

याचंच धाकटं भावंड म्हणजे चरित्रातली एक किल्ली घेऊन सगळी कुलपं उघडणं. गणेश आत्माराम खांडेकर दत्तक गेले आणि विष्णु सखाराम झाले. हे कळलं की मुलं प्रत्येक पात्राच्या एकटेपणाचं खापर दत्तकविधानावर फोडतात.

शकाचं गणित

सज्जनगडाला जाऊन आलेली सातारची मुलं समर्थ रामदासांवर लिहितात तेव्हा निधनाचं साल हटकून १६८१ घालतात. शके १६०३ मध्ये ७८ मिळवले, झालं. पण तिथी कुठली? माघ वद्य नवमी, आपली दासनवमी. शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल मध्येच, पौषाच्या आसपास. त्यामुळं माघ-फाल्गुनातल्या तिथीला ७८ नाही, ७९ मिळवायचे. म्हणजे १६८२. जन्म मात्र शके १५३०, चैत्रातल्या रामनवमीचा, तिथं ७८च मिळवायचे: १६०८. चौथीतली बेरीज आहे, पण आधी महिना बघायला हवा आणि तेवढा दम कुणाला नसतो.

आणखी काही, भरभर

'एकच प्याला'तल्या पदांवरून गडकऱ्यांच्या शब्दकळेचं कौतुक करू नका. गडकरी १९१९च्या जानेवारीत गेले, पदं वि. सी. गुर्जरांची आहेत. कौतुक करायचं तर गद्यातल्या संवादांचं करा, ते पुरून उरेल.

सांगलीच्याच खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे खरं. १९०७च्या या नाटकावर सरकारनं १९१०मध्ये बंदी घातली ती उगीच नव्हे. पण म्हणून प्रत्येक दासीलाही एकेक राजकीय पुढारी वाटून देऊ नका.

मर्ढेकरांचं मूळ गाव साताऱ्याजवळचं मर्ढे. ही माहिती छान आहे. तिनं त्यांच्या 'पिपात मेले ओल्या उंदीर' या कवितेतले उंदीर मात्र समजत नाहीत.

'दहा मिनिटांत अमुक कादंबरी' असे व्हिडिओ बघून लिहिलेला निबंध मला तिसऱ्या ओळीत कळतो. त्यात पात्रं असतात, घटना असतात, पण कुणाच्या तोंडचा एक शब्द नसतो.

जन्मापासून सुरुवात

अण्णा भाऊ साठ्यांवर दहा निबंध आले तर नऊ 'दीड दिवसाची शाळा' इथून निघतात. वाटेगाव, १९२०, दारिद्र्य, मुंबई, गिरणी. पान तीन संपेपर्यंत माणूस अजून लिहायला बसलेला नाही. 'फकिरा' कादंबरीचं नाव शेवटच्या परिच्छेदात, तेही 'इत्यादी'च्या आधी. शाळा दीड दिवसाची म्हणून आपण हळहळतो आणि त्या हळहळीत त्यांच्या पुस्तकाला दीड मिनिटही देत नाही.

यावर माझा एकच तोडगा आहे, आणि तो मुलांना अजिबात आवडत नाही. पहिल्या दोन पानांत लेखकाचं नाव लिहायचं नाही. जन्मगाव नाही, साल नाही, पुरस्कार नाहीत. पुस्तकातल्या एका प्रसंगापासून सुरू करायचं. "मग लिहू काय?" म्हणून पोरं रडकुंडीला येतात. तेव्हाच कळतं की वाचलंय कुणी आणि नाही कुणी.

दोनेक वर्षांमागं वाळव्याकडच्या एका पोरानं असा निबंध आणून दिला. 'फकिरा'त शेजारच्या गावची जोगणी, म्हणजे जत्रेचा मान, आणायला फकिराचा बाप राणोजी निघतो, तिथून त्यानं सुरुवात केली होती. जोगणी म्हणजे गावाला काय, ती गेल्यावर गावाचं काय जातं, जीव देण्याइतकं त्यात काय आहे, हे त्यानं आजीला विचारून लिहिलं होतं. मग पुढं फकिराचा गबऱ्या घोडा. अण्णा भाऊंचं नाव चौथ्या पानावर आलं, तेही एकदाच.

शुद्धलेखनाच्या सतरा चुका होत्या. त्या मी दुसऱ्या दिवशी काढल्या.