फुलझाडांच्या मर रोगावर मित्रबुरशीचा वापर

मर रोगाने झाड माना टाकू लागल्यावर केलेला उपाय त्या झाडाला क्वचितच वाचवतो, कारण तोवर फ्युजॅरियम बुरशी मुळांतून शिरून खोडातील जलवाहिन्यांत पसरलेली असते. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी मुख्यतः मुळांभोवतीच्या मातीत काम करते: ती रोगकारक बुरशीच्या तंतूंना विळखा घालून त्यांचे कवच विरघळवते आणि तिची जागा व अन्न बळकावते. त्यामुळे ती रोगाच्या आधीच मातीत रुजलेली असावी लागते.

ट्रायकोडर्मा वापरण्याआधी रोगाची खात्री करावी. शेवंती, ॲस्टर किंवा कार्नेशनच्या कोमेजलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत आडवे कापावे. सालीच्या आत तपकिरी कडे दिसल्यास फ्युजॅरियमचा संशय घ्यावा. मात्र तोच तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात लोंबता धरल्यावर दुधी धागा खाली उतरू लागला, तर रोग जिवाणूजन्य आहे आणि त्यावर या पद्धतीचा भरवसा धरू नये.

सर्वांत जास्त टाळाटाळ होते ती शेणखताच्या तयारीत. ट्रायकोडर्माची कोरडी भुकटी नुसत्या मातीवर भुरभुरली, तर अन्नावाचून आणि उन्हाने ती बुरशी फारशी तगत नाही. म्हणून पूर्ण कुजलेल्या 100 किलो शेणखतात 1 ते 2 किलो भुकटी मिसळून ढीग सावलीत ठेवावा. खत मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, इतपत ओल राखावी. वर ओले गोणपाट टाकून तीन-चार दिवसांनी ढीग खालीवर करावा. आधी पांढरे तंतू आणि मग हिरवट ठिपके दिसू लागतात. साधारण 10 ते 15 दिवसांत हे खत गादीवाफ्यात मिसळण्याजोगे होते.

माती वाफेने किंवा प्लॅस्टिकखाली उन्हात तापवून निर्जंतुक केली असल्यास ती थंड होताच हे खत घालावे, कारण सूक्ष्मजीवांपासून मोकळ्या झालेल्या मातीत फ्युजॅरियमचाही शिरकाव फार लवकर होतो.

ग्लॅडिओलसचे कंद किंवा मुळे फुटलेली रोपे लावण्यापूर्वी, लिटरमागे 10 ग्रॅम भुकटीच्या द्रावणात अर्धा तास बुडवावीत. डाग पडलेले कंद सरळ फेकावेत. आत शिरलेल्या रोगापर्यंत हे द्रावण पोहोचत नाही.

पुढे महिन्यातून एकदा, संध्याकाळी, ओलसर मातीत याच द्रावणाची आळवणी करावी, म्हणजे ते झाडाच्या बुंध्याशी ओतावे. कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक मित्रबुरशीलाही मारते, त्यामुळे दोहोंत किमान 15 दिवसांचे अंतर असावे. आम्लधर्मी मातीत आणि अमोनियायुक्त खतांच्या जोडीने फ्युजॅरियम बळावते, म्हणून मातीचा सामू (pH) 6.5 ते 7 दरम्यान ठेवून नायट्रेट स्वरूपातील नत्राला प्राधान्य द्यावे. रोगट झाड मुळांसकट उपटून जाळावे, कंपोस्टमध्ये टाकू नये. त्यातील जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात.