लग्नाला कंटेंट क्रिएटर ठेवताय? मग एवढं आधी करून ठेवा

बडोद्यात आता फोटोवाला, व्हिडिओवाला आणि वर मोबाइल घेऊन फिरणारी एक रील्सवाली असं ठरलेलंच झालंय, आणि घरातले मोठे विचारतातच की दोघं असताना ही तिसरी कशाला. तर तिचं काम म्हणजे मोबाइलवर उभं शूट करायचं, ९:१६ मध्ये, आणि त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या दिवशी हातात द्यायचं, कारण अल्बम यायला महिने जातात आणि तोवर न्यू जर्सीची मावशी रोज मेसेज टाकत बसते.

तारीख पक्की झाली की लगेच बुक करा. तुळशीचं लग्न झालं की डिसेंबरच्या मध्यात कमुरता, म्हणजे गुजराती लोक लग्न करत नाहीत तो महिना, लागेपर्यंत इथे सगळ्या गुजराती लग्नांची गर्दी, त्यातच एनआरआय मंडळी आलेली, चांगल्या क्रिएटर तेव्हा मिळत नाहीत. आपल्याला कमुरत्याचं बंधन नाही असं म्हणणारी बरीच मराठी घरं आहेत, पण त्या दिवसांत मुहूर्त आहे का ते गुरुजींना विचारूनच ठरवा. काम बघताना तिच्या पेजवरची चकचकीत रील्स बघून भुलू नका, कुठल्याही एका लग्नाचं न कापलेलं फुटेज मागा, आणि रात्रीच्या लायटिंगमध्ये चेहरे कसे येतात आणि माणसांचा आवाज ऐकू येतो का, एवढंच बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक जण करतच नाहीत. इथली क्रिएटर बऱ्याचदा गुजराती असते, काम मस्त करते, पण तिला हस्तमेळाप, म्हणजे गुजराती लग्नातला नवरा-नवरीचे हात जुळवायचा विधी, पाठ असतो, अंतरपाट नाही. गेल्या सीझनला एका पार्टी प्लॉटवर, म्हणजे लग्नाच्या मोकळ्या लॉनवर, बघितलं, मंगलाष्टका चालू होत्या आणि बाई चाटच्या काउंटरवर रील करत होती, तिला वाटलं अजून बरंच बाकी आहे, तेवढ्यात शेवटचं सावधान झालं, पट खाली, अक्षता, वाजंत्री, सगळं मिनिटभरात आटोपलं, मग पळत आली आणि गुरुजींनाच म्हणाली, फरी एक वार करो ने, म्हणजे परत एकदा करा ना! गुरुजींनी नुसतं वर बघितलं.

म्हणून यादी करा, गुजरातीत किंवा हिंदीत, प्रत्येक विधीपुढे वेळ आणि कोण कुठे उभं असणार ते. मुहूर्त १२ वाजून १७ मिनिटांचा असेल तर तिला १२ लाच स्टेजवर बोलवा. फोटोवाला समोर मधोमध उभा राहणारच, तर हिला नवऱ्याच्या खांद्यामागे जागा द्या, मामांना आधी सांगून ठेवा जरा सरकायला, म्हणजे पट खाली आला की नवरीचा चेहरा सरळ तिच्या फ्रेममध्ये येतो. कानपिळी दोन सेकंदांची असते, भाऊ कुठला ते दाखवून ठेवा. सूनमुख, रुखवत, उखाणे पण लिहा. उखाण्यांचा ओरिजिनल आवाज ठेवायला सांगा, त्यावर कुठलं तरी ट्रेंडिंग गाणं चढवलं की संपलं. आणि घरातली एक चटपटीत करवली तिच्यासोबत द्या, म्हणजे आत्या कोण, काकू कोण हे विचारत फिरायला नको.

फोटोवाल्याला पण आधीच सांगा की मोबाइलवाली येणार आहे, नाहीतर दोघं दिवसभर एकमेकांच्या फ्रेममध्ये येऊन भांडतात.

फुटेज कसं घेणार ते पण ठरवा. आयफोनवर फोरकेमध्ये, सेकंदाला ३० फ्रेमवर, एका मिनिटाला साधारण १७० एमबी जातात, गुगल ड्राइव्ह फुकटात १५ जीबी, म्हणजे दीड तासाच्या आतच भरला, आणि त्यात तुमचे मेलपण आलेच. त्यापेक्षा हार्ड डिस्क नाहीतर मोठा पेनड्राइव्ह तिच्या हातात द्या. व्हॉट्सअॅपवर साधं पाठवलं तर क्वालिटी मरते, पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून. तयार रील गाण्यासकट आणि गाण्याशिवाय, दोन्ही मागा. इन्स्टाच्या बिझनेस अकाउंटवर बरीच पॉप्युलर गाणी मिळत नाहीत, मग तुम्ही आपल्या पर्सनल अकाउंटवरून हवं ते लावा.

कोण काय टाकणार हे मात्र लिहून घ्या, व्हॉट्सअॅपवर लिहिलं तरी चालेल. तिच्या पेजवर आधी जाणार की तुमच्या, की कोलॅब करून दोन्हीकडे? लहान मुलं आणि नाचणारी आजी टाकायची असेल तर विचारून. लोकेशन टाकून स्टोरी फंक्शन संपल्यावरच, कारण सगळे हॉलवर म्हणजे दांडिया बझारचं घर बंद आहे हे जगाला सांगायची गरज नाही.

संगीतला गरबा असणारच, आणि रात्री १० ला स्पीकर बंद करावा लागतो, नवरात्रीसारखी सूट लग्नाला नसते, तेव्हा शेवटचा राउंड साडेनऊला घ्या आणि तिला तसं सांगून ठेवा. ड्रोन आणते म्हणाली तर हरणीचं विमानतळ शहराला लागूनच आहे हे लक्षात ठेवा, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन साइटच्या मॅपवर जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघितल्याशिवाय हो म्हणू नका. लक्ष्मी विलास पॅलेससारख्या जागी असेल तर कुठे शूट चालतं ते तिथल्या लोकांना आधी विचारा.

पैशाचं म्हणाल तर रेट फंक्शनवर आहे की तासावर हे विचारा, सकाळची हळद आणि संध्याकाळचं रिसेप्शन यांच्यामधला रिकामा वेळ मोजणार का तेही. अॅडव्हान्स थोडा, बाकीचे सगळ्या फाइल्स उघडून बघितल्यावर. आणि केटररला ताट मोजताना ती आणि तिचा हेल्पर धरा, पंगत उठेपर्यंत थांबवू नका, संध्याकाळी परत तिलाच पळायचंय.