टॉकिंग हेड्सच्या तबकड्या ऐकण्याची रीत

न्यू यॉर्कच्या टॉकिंग हेड्स या बँडने १९७७ ते १९८८ या काळात आठ स्टुडिओ अल्बम काढले. नव्या श्रोत्याची या बँडशी पहिली भेट बहुधा एखाद्या गाजलेल्या गाण्यांच्या संकलनातून होते. त्यात डेव्हिड बर्नचा घाबरा, अडखळत धावणारा आवाज इतका पुढे असतो की बाकीचे तिघे त्याला केवळ साथ करीत आहेत, असा समज सहज होतो. माझ्याही बाबतीत तसेच झाले आणि तो समज दूर व्हायला बराच काळ गेला. म्हणून नव्याने ऐकणाऱ्यास मी आग्रहाने सांगेन की या बँडचे संगीत खालून वर ऐकावे. आधी टीना वेमथची बास गिटार आणि क्रिस फ्रँट्झचे ड्रम ऐकावेत, मग गिटार आणि कीबोर्ड, आणि गायकाचा आवाज सर्वांत शेवटी. पुढे दिलेला ऐकण्याचा क्रम याच विचाराने लावला आहे.

त्याआधी साधनांविषयी थोडेसे. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर बास गिटारचे खर्जातले स्वर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, आणि या संगीताचा सगळा भार त्याच स्वरांवर आहे. साधे पण नीट बसणारे हेडफोन पुरेसे आहेत. प्रत्येक अल्बम मूळ क्रमाने आणि शक्यतो एका बैठकीत ऐकावा. हे अल्बम दोन बाजूंच्या तबकडीसाठी रचलेले असल्यामुळे पहिली बाजू कोठे संपते हे आधी पाहून ठेवावे, कारण निदान एका अल्बममध्ये त्या दोन बाजूंचे स्वभावच वेगळे आहेत.

सुरुवात स्टुडिओ अल्बमने न करता जोनाथन डेमी यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ या १९८४च्या चित्रपटाने करावी. हॉलिवूडच्या पँटेजेस थिएटरात डिसेंबर १९८३ मध्ये झालेल्या कार्यक्रमांचे हे चित्रण आहे आणि त्याची मांडणी शिकणाऱ्याच्या सोयीसाठीच केल्यासारखी आहे. रिकाम्या रंगमंचावर बर्न एकटा गिटार आणि कॅसेट प्लेअर घेऊन येतो आणि ‘सायको किलर’ गातो. दुसऱ्या गाण्याला बास घेऊन वेमथ येते, तिसऱ्याला फ्रँट्झ ड्रमवर बसतो, चौथ्याला गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा जेरी हॅरिसन येतो. त्यानंतर सहगायिका लिन मेब्री आणि एडना होल्ट, तालवादक स्टीव्ह स्केल्स, गिटारवादक ॲलेक्स वियर आणि कीबोर्डवर बर्नी वॉरेल असे पाच जण मिळून ‘बर्निंग डाउन द हाउस’पर्यंत रंगमंचावर नऊ माणसे होतात. पहिली चार गाणी दोनदा पाहावीत. पहिल्या वेळी नेहमीसारखी पाहावीत आणि दुसऱ्या वेळी जो वादक नुकताच आला आहे, त्याच्याखेरीज कोणाकडेही लक्ष देऊ नये. वेमथ आल्यावर गाण्याखाली जमीन आल्यासारखी वाटते. तो क्षण एकदा कानाने टिपला की पुढचे काम सोपे होते.

या मैफिलीचा अल्बम घेणार असाल तर आवृत्ती पाहून घ्यावी. १९८४च्या मूळ तबकडीवर फक्त नऊ गाणी आहेत आणि त्यांचा क्रमही चित्रपटाप्रमाणे नाही. १९९९च्या आवृत्तीत सोळा गाणी आहेत, तर २०२३ मध्ये आलेल्या आवृत्तीत चित्रपटाबाहेर राहिलेली गाणीही घेऊन मैफल पूर्ण केली आहे.

आता मागे १९७७कडे यावे. बर्न, फ्रँट्झ आणि वेमथ हे तिघे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या प्रॉव्हिडन्स शहरातल्या कलाशाळेतले. न्यू यॉर्कला आल्यावर त्यांना बासवादक मिळेना, तेव्हा फ्रँट्झच्या आग्रहावरून वेमथने बास हाती घेतली आणि ती जवळजवळ शून्यापासून शिकली. मला वाटते, तिच्या वादनातला नेमकेपणा आणि काटकसर यांचे मूळ येथेच आहे, कारण सवयीने सुचणाऱ्या हरकती तिच्या बोटांत नव्हत्याच. जून १९७५ मध्ये बावरी रस्त्यावरच्या सीबीजीबी या क्लबमध्ये रामोन्स या पंक बँडच्या आधी वाजवून या तिघांनी सुरुवात केली. पूर्वी मॉडर्न लव्हर्स या बँडमध्ये असलेला हॅरिसन १९७७ मध्ये त्यांना मिळाला आणि त्याच वर्षी सायर कंपनीने ‘टॉकिंग हेड्स : ७७’ हा पहिला अल्बम काढला. त्याचा आवाज कोरडा आणि ताठ आहे. वाद्यांमध्ये मोकळी जागा भरपूर असल्यामुळे प्रत्येक वाद्य वेगळे ऐकण्याचा सराव करायला याच्यासारखा दुसरा अल्बम नाही. येथील ‘सायको किलर’ ऐकताना फक्त बासची ओळ गुणगुणत राहावे आणि ती कधी बदलते, कधी बदलत नाही, याकडे ध्यान द्यावे.

१९७८च्या ‘मोअर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड’पासून इंग्लंडचा संगीतकार ब्रायन ईनो निर्माता, म्हणजे ध्वनिमुद्रणाला दिशा देणारा, म्हणून आला आणि बहामाजमधील नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत काम सुरू झाले. हा अल्बम ऐकण्याची उत्तम वाट ‘टेक मी टू द रिव्हर’ या गाण्यातून जाते. आधी अमेरिकन गायक अल ग्रीन यांचे १९७४चे मूळ गाणे ऐकावे आणि लगेच टॉकिंग हेड्सचे. मूळ गाण्यातली उब आणि लगबग काढून घेऊन या चौघांनी ते इतके संथ केले आहे की प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्याची वाट पाहावी लागते. अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या तीस गाण्यांत पोचलेले हे त्यांचे पहिले गाणे, आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताशी त्यांचे नाते किती खोल होते हे त्यातून कळते.

‘फिअर ऑफ म्युझिक’ १९७९चा. याच्या मूळ वादनाचे ध्वनिमुद्रण वेमथ आणि फ्रँट्झ यांच्या लाँग आयलंड सिटीतील राहत्या जागेत झाले. रस्त्यावर फिरत्या स्टुडिओचा ट्रक उभा होता आणि तारा खिडकीतून आत घेतल्या होत्या. अंधारलेला, जवळून कानाशी येणारा हा अल्बम रात्री ऐकावा. त्यातले पहिलेच गाणे ‘आय झिंब्रा’ पुन्हा पुन्हा ऐकावे. त्याचे बोल हुगो बाल या दादावादी, म्हणजे कलेतला रूढ अर्थ मुद्दाम मोडणाऱ्या पंथाच्या, कवीच्या निरर्थक ध्वनींच्या कवितेवरून घेतले आहेत, म्हणजे अर्थाचा प्रश्नच मिटतो, आणि रॉबर्ट फ्रिपच्या गिटारसह सगळी वाद्ये एकमेकांत गुंतलेल्या छोट्या छोट्या आकृत्या वाजवीत राहतात. पुढच्या वर्षी जे घडले त्याचे बीज या एका गाण्यात आहे.

पुढच्या वर्षी, म्हणजे ऑक्टोबर १९८० मध्ये, ‘रिमेन इन लाइट’ आला. येथे घाई करू नये. एक आठवडा याच अल्बमला द्यावा. नायजेरियाचे फेला कुटी यांच्या संगीताने भारावलेले हे चौघे आणि ईनो पुन्हा कंपास पॉइंटला गेले, ते तयार गाणी न घेताच. एकत्र वाजवत बसायचे, त्यातला चांगला तुकडा निवडायचा आणि तोच न थांबता वाजवत राहायचा, असे थरावर थर चढवायचे आणि मग कोणत्या वेळी कोणता थर ऐकू यावा हे ठरवून त्यातून गाणे घडवायचे, अशी ही पद्धत होती. बोल शेवटी आले. त्यामुळे या गाण्यांत सहसा कॉर्ड, म्हणजे साथीचा एकत्र वाजणारा स्वरसमूह, बदलत नाही. पाश्चात्त्य गाण्यांवर कान तयार झालेल्या श्रोत्याला हे प्रथम खटकते. तंबोऱ्याच्या एका षड्जावर तासभर गाणे ऐकलेल्या आपल्या श्रोत्याला मात्र ते खटकण्याचे कारण नाही, आणि हा आपला लाभ आहे असे समजून पुढे जावे.

पहिल्या बाजूवर तीनच गाणी आहेत, तिन्ही वेगवान आणि गच्च भरलेली. ‘बॉर्न अंडर पंचेस’ लावावे आणि पहिल्या वेळी फक्त बास ऐकावा, दुसऱ्या वेळी फक्त तालवाद्ये, तिसऱ्या वेळी डाव्या आणि उजव्या कानात वेगवेगळ्या वाजणाऱ्या गिटार आणि चौथ्या वेळी आवाज. चौथ्या वेळी लक्षात येते की आवाजही एक नसून कित्येक आहेत आणि तेही तालाच्याच आकृत्यांप्रमाणे एकमेकांवर पडत आहेत. ‘द ग्रेट कर्व्ह’मध्ये एड्रियन बेल्यूची गिटार किंचाळत या सगळ्यावरून जाते, ती येण्यापूर्वी खालचे विणकाम कानात बसलेले असले पाहिजे, तरच तिचा धक्का नीट बसतो.

दुसऱ्या बाजूची सुरुवात ‘वन्स इन अ लाइफटाइम’ने होते. हे त्यांचे बहुधा सर्वांत परिचित गाणे, पण ते परिचित आहे म्हणून पुढे ढकलू नये. ईनोने या ठेक्यातली तिसरी मात्रा हीच पहिली असे समजून तो ऐकला होता, आणि ती चूक दुरुस्त करण्याऐवजी वेगवेगळ्या वादकांनी वेगवेगळ्या ठिकाणी जोर द्यावा असे ठरले. हातावर मात्रा मोजत ऐकल्यास सम कोठे आहे याविषयी आपल्यालाही शंका येऊ लागते, आणि रेडिओवरच्या धर्मोपदेशकांच्या शैलीत बर्न जे प्रश्न विचारतो त्यांची अस्वस्थता या डळमळत्या समेमुळे दुप्पट होते. ‘हाउसेस इन मोशन’मध्ये जॉन हॅसेलचा विचित्र, प्राण्यांच्या सादेसारखा ट्रंपेट आहे. त्यानंतर बाजू हळूहळू मंद होत जाते आणि ‘द ओव्हरलोड’पाशी जवळजवळ थांबते. हा उतार जाणवण्यासाठीच बाजू सलग ऐकायची.

या अल्बमच्या गाण्यांचे श्रेय कोणाला किती द्यावे यावरून बँडमध्ये कटुता आली आणि ती पुरती कधी गेली नाही. श्रोत्याने त्यात न्यायाधीश होण्याची गरज नाही, मात्र १९८१ची तीन कामे शेजारी ठेवून ऐकावीत. बर्न आणि ईनो यांचा ‘माय लाइफ इन द बुश ऑफ घोस्ट्स’, हॅरिसनचा ‘द रेड अँड द ब्लॅक’ आणि वेमथ व फ्रँट्झ यांच्या टॉम टॉम क्लबचा पहिला अल्बम ऐकला की टॉकिंग हेड्समध्ये कोण काय आणत होते हे वादावाचून कळते. टॉम टॉम क्लबच्या ‘जीनियस ऑफ लव्ह’चा ठेका पुढे मराया कॅरीच्या ‘फँटसी’ या १९९५च्या गाण्यात वापरला गेला. आयुष्यात टॉकिंग हेड्सचे नाव न ऐकलेल्या असंख्य लोकांच्या कानांत या दोघांची लय गेली आहे.

यानंतर १९८२चा ‘द नेम ऑफ धिस बँड इज टॉकिंग हेड्स’ हा दोन तबकड्यांचा मैफिलींचा अल्बम घ्यावा. पहिल्या तबकडीवर १९७७ ते १९७९चे चौघे आहेत आणि दुसरीवर १९८० आणि १९८१चा विस्तारलेला बँड. स्टुडिओत थरांवर थर चढवून केलेले संगीत चौघांना रंगमंचावर वाजवणे शक्यच नव्हते, म्हणून पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक संगीताच्या गटातले बर्नी वॉरेल यांच्यासारखे मुरलेले वादक बरोबर घेतले गेले. या दोन तबकड्या लागोपाठ ऐकणे हा बँडचा प्रवास समजून घेण्याचा सर्वांत लहान रस्ता आहे, आणि एकच विकत घ्यायचा असेल तर हाच अल्बम घ्यावा असे माझे मत आहे.

‘स्पीकिंग इन टंग्ज’ हा १९८३चा अल्बम त्यांनी ईनोशिवाय केला. बर्न आधी निरर्थक अक्षरे गाऊन चाल बसवी आणि मग त्या अक्षरांवर बसतील असे शब्द शोधी. म्हणून येथे ओळींचा अर्थ लावत बसण्यापेक्षा त्या ओळी ठेक्यावर कशा आपटतात ते ऐकावे. ‘बर्निंग डाउन द हाउस’ हे अमेरिकेच्या पहिल्या दहांत पोचलेले त्यांचे एकमेव गाणे याच अल्बमवर आहे. त्याहून मला प्रिय असलेले गाणे म्हणजे ‘धिस मस्ट बी द प्लेस’. ते करताना सदस्यांनी वाद्यांची अदलाबदल केली, वेमथने गिटार घेतली, आणि प्रत्येकाने आपापली साधी आकृती शेवटपर्यंत न बदलता वाजवली. इतक्या थोड्या सामग्रीवर उभे राहिलेले इतके प्रेमळ गाणे त्यांनी दुसरे केले नाही. याच अल्बमच्या श्रेयनामावलीत व्हायोलिनवादक एल. शंकर यांचे नाव सापडेल. शक्ती या गटात झाकिर हुसेन यांच्यासोबत वाजवणारे शंकर ते हेच. खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावे की जुन्या कॅसेटवर यातील काही गाणी तबकडीपेक्षा लांब होती आणि तीच लांब रूपे पुढे सीडीवर आली.

उरलेले तीन अल्बम ओळीने ऐकावेत, पण त्यांच्यावर फार काळ घालवला नाही तरी चालेल. १९८५चा ‘लिटल क्रीचर्स’ हा साध्या, नीटस गाण्यांचा अल्बम खूप खपला, आणि त्यातला ‘रोड टू नोव्हेअर’चा आरंभीचा समूहस्वर ऐकण्यासारखा आहे. १९८६चा ‘ट्रू स्टोरीज’ बर्नने दिग्दर्शित केलेल्या त्याच नावाच्या चित्रपटाशी जोडलेला आहे; त्यातल्या ‘रेडिओ हेड’ या गाण्यावरून इंग्लंडच्या रेडिओहेड बँडने आपले नाव घेतले. शेवटचा ‘नेकेड’ १९८८ मध्ये आला. त्याचे ध्वनिमुद्रण पॅरिसमध्ये तिथल्या आफ्रिकन आणि इतर वादकांना घेऊन झाले, आणि ‘नथिंग बट फ्लॉवर्स’मध्ये जॉनी मार याची गिटार कारंज्यासारखी उसळते. १९८४ नंतर बँडने दौरा केला नाही आणि १९९१ मध्ये तो संपल्याचे जाहीर झाले. २००२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात चौघे पुन्हा एकदा एकत्र वाजले.

एवढे झाल्यावर पुन्हा ‘रिमेन इन लाइट’कडे यावे, पण आता दुसऱ्या वाटेने. बेनिन देशातून १९८३ मध्ये पॅरिसला आलेल्या गायिका अँजेलिक किजो यांनी ‘वन्स इन अ लाइफटाइम’ ऐकले, तेव्हा त्यांना त्यात आफ्रिका ओळखू आली, आणि २०१८ मध्ये त्यांनी हा संपूर्ण अल्बम आपल्या पद्धतीने नव्याने गायला. एका संध्याकाळी आधी फेला कुटी यांचा ‘ॲफ्रोडिझिॲक’ लावावा, मग टॉकिंग हेड्सची पहिली बाजू आणि शेवटी किजो यांचा अल्बम. फेला यांच्या अल्बममध्ये ड्रम वाजवणारे टोनी ॲलन किजो यांच्या अल्बममध्येही वाजवले आहेत, आणि त्या दोन टोकांमध्ये ठेवून ऐकले की फ्रँट्झने कोणता ठेका कानाने उचलला आणि स्वतःच्या सरळ, ठाम हाताने त्यात काय बदलले, हे स्पष्ट ऐकू येते.