गच्चीवरून तप्त गुरू: अधिक्रमण मोजा, मग ग्रहाचा पूर्वेतिहास काढा

पहिलं अधिक्रमण, म्हणजे ग्रहाचं ताऱ्यासमोरून जाणं, टिपायचं असेल तर एचडी १८९७३३ याच ताऱ्याचं टिपा, बाकीच्यांच्या नादी नंतर लागा. तारा ७.७ प्रतीचा, म्हणजे छोट्या दुर्बिणीतूनही ठसठशीत दिसणारा. त्याचा ग्रह दर २.२२ दिवसांनी समोरून जातो आणि ताऱ्याचा प्रकाश जवळपास २.४ टक्क्यांनी उतरवतो. तारा इतका तेजस्वी आणि उतार इतका खोल, हे एकत्र फार कमी ठिकाणी मिळतं. सापडायलाही सोपा: डंबेल तेजोमेघ, म्हणजे एम २७, पकडायचा आणि पूर्वेला पाव अंश सरकायचं. बार्शीहून तर तो जवळजवळ डोक्यावरूनच जातो.

तप्त गुरू म्हणजे गुरूएवढा वायुग्रह, पण ताऱ्याला इतका खेटून फिरणारा की त्याचं वर्ष आपल्या काही दिवसांत संपतं. हा ग्रह ताऱ्यापासून फक्त ४७ लाख किलोमीटरवर आहे. आपला बुधसुद्धा सूर्यापासून सरासरी ५.८ कोटी किलोमीटर लांब असतो. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो यांना ५१ पेगासी ताऱ्याभोवती असा पहिला ग्रह सापडला, तेव्हापासून प्रश्न तोच आहे: एवढं धूड तिथं आलं कसं? एका रात्रीत याचं उत्तर मिळणार नाही. पण उत्तरासाठी लागणारा एक आकडा आपल्या हातानं मोजता येतो.

हंगाम दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नांपर्यंत. त्याआधी ढग असतात, त्यानंतर शेजारच्या मंगल कार्यालयाचे फोकस सुरू होतात. नासाच्या एक्सोप्लॅनेट आर्काइव्हमध्ये आपले अक्षांश-रेखांश टाकले की अधिक्रमणांचं वेळापत्रक निघतं. वेळ युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, साडेपाच तास मिळवा आणि मध्यरात्रीनंतर तारीख बदलते हे ध्यानात ठेवा. एक तोंडी हिशेबही आहे. ग्रहाच्या नऊ फेऱ्या म्हणजे १९.९७ दिवस. म्हणून आज एखादं अधिक्रमण दिसलं की २० दिवसांनी ते पुन्हा साधारण पाऊण तास आधी दिसणार. आजचं ढगात गेलं तर पुढची तारीख तिथल्या तिथे सांगता येते.

सामान म्हणजे सहा इंची दुर्बीण, ताऱ्याचा मागोवा घेणारं इक्वेटोरियल माउंट आणि कॅमेरा. मोनोक्रोम सीमॉस कॅमेरा आणि लाल फिल्टर असेल तर उत्तम. जुना डीएसएलआरही चालतो, फक्त रॉमध्ये फोटो काढा आणि मोजताना हिरवा चॅनेल वापरा. तारा डोक्यावरून जात असल्यामुळे मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडताना जर्मन पद्धतीचं इक्वेटोरियल माउंट उलटवावं लागतं आणि प्रकाशाच्या आलेखाला तिथे नेमकी पायरी पडते. म्हणून सुरुवातीला असं अधिक्रमण निवडा, जे सगळं मध्यमंडलाच्या एकाच बाजूला उरकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम: फोकस बिघडवा. गच्चीवर येणाऱ्या पोरांना हे पटतच नाही, कारण टोकदार तारा मिळवायला त्यांनी जिवाचं रान केलेलं असतं. पण टोकदार ताऱ्याचा सगळा प्रकाश चारदोन पिक्सेलवर पडतो. ते लगेच भरून जातात, आणि माउंट जरा हललं की प्रकाश कमी-जास्त संवेदनशील पिक्सेलवर सरकून मोजमाप डगमगतं. तारा पसरून छोटी कडी झाली की हा दोष शेकडो पिक्सेलमध्ये वाटला जातो. सगळ्यात उजळ पिक्सेल क्षमतेच्या निम्म्यावर राहील इतपत पसरवा, २० ते ३० सेकंदांचं एक्सपोजर ठेवा, आणि मग रात्रभर फोकसच्या चाकाला हात लावू नका. फ्लॅट फ्रेम, म्हणजे पिक्सेलमधला कमी-जास्तपणा काढून टाकायला लागणारे एकसारख्या उजेडाचे फोटो, सूर्यास्तानंतरच्या उजेडात, दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं धोतर ताणून घ्या. धुतलेलं, चुणी नसलेलं.

अधिक्रमण पावणेदोन तासांच्या आसपास चालतं, पण आधी एक तास आणि नंतर एक तास फोटो हवेतच. ताऱ्याचा नेहमीचा प्रकाश किती हे ठरल्याशिवाय उतार किती ते सांगणार कसं? अॅस्ट्रोइमेजजे हा मोफत प्रोग्राम पुढचं मोजतो. तुलनेसाठी तेवढ्याच तेजाचे आणि शक्यतो तशाच नारिंगी छटेचे तारे निवडा. निळसर तारा घेतलात तर तारा मावळतीकडे झुकताना आलेख आपोआप कलतो. आणि आलेखाच्या तळाशी एखादा उंचवटा दिसला तर तो पुसू नका. या ताऱ्यावर डाग भरपूर असतात, ग्रह डागावरून जाताना प्रकाश किंचित वाढतो.

मग गणित. उतार ०.०२४, त्याचं वर्गमूळ ०.१५५. ग्रहाची त्रिज्या ताऱ्याच्या त्रिज्येच्या इतकी पट. तारा सूर्याच्या साधारण ०.७६ पट, म्हणजे ग्रहाची त्रिज्या सुमारे ८२,००० किलोमीटर, गुरूच्या १.१५ पट. हा आकडा स्वतःचा.

वस्तुमान गच्चीवरून मिळत नाही. त्यासाठी ताऱ्याचं डगमगणं वर्णपटात मोजावं लागतं. आपल्याकडे हे काम माउंट अबूच्या गुरुशिखरावर पारस या वर्णपट मोजणाऱ्या उपकरणानं होतं. टीओआय-१७८९बी या तप्त गुरूचं वस्तुमान त्यातूनच २०२१ मध्ये कळलं. आपल्या ग्रहाचं वस्तुमान गुरूच्या १.१३ पट, म्हणजे घनता पाण्याइतकीच निघते. एचडी २०९४५८बी हा दुसरा तप्त गुरू घ्या, त्याची घनता त्याच्याही जेमतेम एक तृतीयांश. ताऱ्याच्या जवळची उष्णता अशा ग्रहाला नीट आकसू देत नाही. ती आत खोलवर कशी पोहोचते यावर अजून वाद आहेत. एचडी २०९४५८बीमधूनच हायड्रोजन निसटताना हबल दुर्बिणीनं पाहिला, तो निकाल २००३ चा.

आता पूर्वेतिहास. नेहमीच्या समजुतीप्रमाणे असा ग्रह लांब जन्मतो, जिथे पाण्याचं बर्फ टिकतं. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ती हद्द पृथ्वी-सूर्य अंतराच्या तिपटीच्या आसपास पडते. तिथे दहाएक पृथ्वींएवढा गाभा जमला की तो भोवतालचा वायू ओढायला लागतो. घाई करावीच लागते, कारण नव्या ताऱ्याभोवतीची वायूची तबकडी साधारण कोटभर वर्षांच्या आत विरते. मग जवळ येण्याचे दोन मार्ग. पहिला, तबकडी शिल्लक असतानाच तिच्याशी ओढाताण होत हळूहळू आत सरकणं. दुसरा, एखादा भाऊग्रह किंवा जोडीदार तारा कक्षा लांबट करतो, ग्रह दर फेरीला ताऱ्याजवळून जाताना भरती-ओहोटीच्या बलानं पिळवटला जातो, आणि कक्षा आक्रसत गोल होते. जागच्या जागी जन्माचाही एक पक्ष आहे. माझ्या मते तो काही मोजक्या ग्रहांपुरता खरा असेल, सगळ्यांना लावण्यासारखा नाही.

या मार्गांतून निवड करायची ती तीन गोष्टींवरून: उत्केंद्रता (कक्षा किती लांबट; पूर्ण गोल असेल तर शून्य), कल (ताऱ्याच्या फिरण्याच्या मानानं कक्षा किती वाकडी) आणि शेजारी ग्रह.

उत्केंद्रता मोठी असेल तर दुसरा मार्ग. एचडी ८०६०६बीची ०.९३ आहे, वर्ष १११ दिवसांचं. ताऱ्याजवळून जाताना त्याचं तापमान सहा तासांत सुमारे ८०० वरून १५०० केल्विनवर गेलेलं स्पिट्झर दुर्बिणीनं टिपलं. असा ग्रह शेवटी कुठे स्थिरावेल हे कॅल्क्युलेटरवर निघतं. उत्केंद्रतेचा वर्ग एकातून वजा करा आणि उरलेल्याला कक्षेच्या अर्ध-दीर्घ अक्षानं, इथे पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.४५५ पटीनं, गुणा. उत्तर ०.०६. म्हणजे हा अर्ध्या वाटेवरचा तप्त गुरू.

पण उलट काढू नका: कक्षा गोल म्हणून पहिला मार्ग, असं होत नाही. भरती-ओहोटी पुरावा पुसून टाकते. आपला एचडी १८९७३३बी याचाच नमुना. कक्षा गोल, कल जवळपास शून्य, वरवर पाहता अगदी शांतपणे आलेला. पण तारा सूर्याहून थंड आहे, आणि सुमारे ६२५० केल्विनपेक्षा थंड ताऱ्यांभोवतीचे तप्त गुरू बहुधा सरळच सापडतात. अशा ताऱ्यांचा बाहेरचा खदखदता थर जाड असतो, त्यामुळे वाकडी कक्षा कालांतरानं सरळ होत असावी. शिवाय या ताऱ्याला एक लाल बटू, म्हणजे छोटा थंड तारा, जोडीदारही आहे. तेव्हा याच्या वहीत मी पहिला मार्गही लिहीत नाही, दुसराही नाही. ‘पुरावा पुसलेला’ एवढंच. वॉस्प-१७बी मात्र तारा फिरतो त्याच्या उलट्या दिशेनं फिरतो, तिथे कुणीतरी दांडगाई केलीय हे उघड आहे. आणि वॉस्प-४७बीच्या आतबाहेर दोन छोटे ग्रह जवळच सुखरूप आहेत. लांबट कक्षेतून आलेल्या राक्षसानं त्यांना जागेवर राहू दिलं नसतं.

थंडीत, आठ इंची दुर्बीण मिळाली तर सारथी तारकासमूहातल्या वॉस्प-१२ कडे वळा. तारा ११.७ प्रतीचा, म्हणजे बराच मंद, अधिक्रमण तीन तासांचं. हा ग्रह ताऱ्यात पडत चाललाय, आणि या गतीनं साधारण ३० लाख वर्षांत संपेल. त्याचं १.०९ दिवसांचं वर्ष दरवर्षी सुमारे २९ मिलिसेकंदांनी लहान होतं. ऐकायला क्षुल्लक, पण हा फरक फेरीमागून फेरी साचतो. सुरुवातीचा काळ कायम धरून वेळापत्रक मांडलं तर दहा वर्षांनी अधिक्रमण आठेक मिनिटं आधी येतं, आणि गच्चीवरून त्याचा मध्यबिंदू एक-दोन मिनिटांच्या अचूकतेनं पकडता येतो. मात्र संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या, आणि वेळा बीजेडीमध्ये, म्हणजे सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावरच्या वेळेत बदलूनच, अधिक्रमणांच्या वेळा गोळा करणाऱ्या एक्सोक्लॉक प्रकल्पाकडे पाठवा. पृथ्वी कक्षेत कुठे आहे त्यानुसार प्रकाश यायला आठ मिनिटांपर्यंत फरक पडतो, म्हणजे तुम्ही शोधताय तेवढाच.